हायवेलगतच्या गाळ्याला नोटीस आली? ती कोणाची, हे आधी बघा

हायवे चौपदरी झाला की दोन्ही अंगांनी गाळे, ढाबे, पंक्चरची दुकानं उभी राहतात. मग एक दिवस शटरवर नोटीस चिकटते आणि मालक पहिल्यांदा काय काढतो, तर नमुना 8 आणि लाईट बिल. "घरपट्टी भरतोय की आम्ही!" पण नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. त्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि बांधकाम परवानगीही. मीटरचंही तेच.

नोटिशीवर ऑफिसचं नाव आणि कायदा वाचला की निम्मं कोडं सुटतं.

महामार्ग प्रशासनाची नोटीस असेल तर म्हणणं असं असतं की जागाच रस्त्याची आहे. राष्ट्रीय महामार्गाची जमीन 2002 च्या कायद्याने केंद्र सरकारची, तिथे ग्रामपंचायतीचा दाखला चालत नाही. दंड चौरस मीटरला 500 रुपयांपर्यंत, जमिनीची किंमत त्याहून जास्त असेल तर तेवढाही होऊ शकतो. शिवाय पाडायचा खर्च वेगळा. रुंदीकरणात गेलेल्या जमिनीत बरेच जण फसतात. 3डी ची अधिसूचना निघाली की जमीन सरकारजमा होते, मग सातबाऱ्यावर जुनंच नाव का असेना. मोबदल्याची रक्कम जमा झाल्यावर ताबा द्यायला नोटिशीपासून 60 दिवस मिळतात. त्या पट्ट्यात नवीन शेड ठोकणं म्हणजे पैसे मातीत.

नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांची नोटीस वेगळी. जागा तुमचीच, पण बांधकाम विनापरवाना, असा तिचा अर्थ. ती बहुतेक नगररचना कायदा 1966 च्या कलम 53 खाली असते. काम चालू असेल तर कलम 54 खाली काम थांबवायला सांगतात. मुदत नीट बघावी, विनापरवाना बांधकामाला ती 24 तासांचीही असते. त्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत पाडापाडी थांबते. मुदत गेल्यावर पुढाऱ्याला फोन लावून काही होत नाही. गुन्हा दाखल झाला तर कलम 52 खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आणि 2 ते 5 हजार दंड आहे.

अर्ज केला म्हणजे मंजूर झालाच असं नाही. आडवी येते ती इमारत रेषा. इंडियन रोड काँग्रेसच्या निकषात मोकळ्या भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या मध्यापासून 40 मीटरपर्यंत, म्हणजे साधारण 131 फूट, बांधकाम नको. 75 मीटरपर्यंत नियंत्रण रेषा. गाव-शहराच्या हद्दीत अंतर कमी असतं, ते नगरपंचायतीत किंवा बांधकाम खात्यात विचारावं. मोजायचं रस्त्याच्या मध्यापासून, गटारापासून नाही. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

पेट्रोल पंप, हॉटेल यांना हायवेवरून गाडी आत घ्यायला वेगळी परवानगी लागते. दुभाजक फोडून केलेली वाट तर कोणत्याच कागदात बसत नाही, आणि अपघात तिथेच होतात.

हद्दीवरून वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकावा. नोटिशीला उत्तर लेखीच द्यावं, सोबत सातबारा, बिनशेती आदेश, परवानगीचा नकाशा जोडावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा.