चिमाजी अप्पा : वसई मोहिमेचा सेनानी आणि मुत्सद्दी

पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे पुत्र आणि थोरल्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा हे अठराव्या शतकातील एक कर्तबगार सेनानी होते. आपल्या किनारपट्टीचा इतिहास त्यांच्या मोहिमेने बदलला. म्हणून त्यांच्या कारकिर्दीचा परिचय येथे थोडक्यात करून देत आहोत.

बाजीराव दूरच्या स्वारीवर असताना पुण्याचा कारभार आणि छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातील राजकारण बहुधा चिमाजी अप्पाच सांभाळीत. मात्र ते केवळ कारभारी नव्हते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यातील अमझेरा येथे त्यांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्या लढाईत सुभेदार मारला गेला. एप्रिल १७३६ मध्ये रेवसजवळ जंजिऱ्याच्या सिद्दी सात याचाही त्यांनी पाडाव केला.

पोर्तुगीज अमलात हिंदूंच्या धर्माचरणावर निर्बंध होते. त्याला कंटाळून गंगाजी नाईक अणजूरकर आदी स्थानिक मंडळींनी पेशव्यांकडे दाद मागितली. ही वस्तुस्थिती ख्रिस्ती वाचकांनीही मोकळ्या मनाने स्वीकारावी, असे आम्हांस वाटते. मार्च १७३७ मध्ये ठाणे व साष्टी मराठ्यांच्या हाती आली. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही ठाणी पडली. कुंभवली-बोईसर परिसरातील वाचकांना परिचित असलेला तारापूरचा किल्ला सहजासहजी मिळाला नाही. तेथे बाजी भिवराव रेठरेकर हे नामांकित सरदार धारातीर्थी पडले.

त्यानंतर फेब्रुवारीपासून वसईला निकराचा वेढा पडला. तिन्ही बाजूंनी पाणी व दलदल असल्याने जमिनीकडूनच सुरुंग लावून तट फोडावा लागला. दोन्ही पक्षांची मोठी प्राणहानी झाली. अखेर १६ मे १७३९ रोजी कायतानो द सौझा परेरा या किल्लेदाराने शरणागती पत्करली.

चिमाजी अप्पांचे मुत्सद्दीपण येथे दिसते. इतके रक्त सांडल्यावरही त्यांनी सूड उगवला नाही. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, सन्मानाने बाहेर पडू दिले. नागरिकांना कुटुंब व चीजवस्तू नेण्याची मुभा मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याचे स्वातंत्र्य तहात मान्य झाले. २३ मे रोजी पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. जुलैमध्ये मुंबईकर इंग्रजांनीही कॅप्टन इंचबर्ड यास पाठवून अप्पांशी तह केला.

ख्रिस्ती समाजाने पुष्कळ गमावले, हेही खरे. संन्यस्त संघांचे युरोपीय धर्मगुरू निघून गेले, अनेक चर्चवास्तू ओस पडल्या आणि काही घंटा नाशिक, भीमाशंकर येथील देवळांत पोहोचल्या. तथापि एतद्देशीय धर्मगुरूंनी उरलेल्या भाविकांची जबाबदारी उचलली. परकीय सत्तेचा आधार गेल्यावरही येथील श्रद्धा टिकली. १९९८ मध्ये स्थापन झालेला वसई धर्मप्रांत याच परंपरेचा वारस आहे.

एप्रिल १७४० मध्ये बाजीरावांचे निधन झाले. पुतण्या नानासाहेब यांस पेशवेपद मिळाल्यावर थोड्याच महिन्यांत, १७ डिसेंबर १७४० रोजी, चिमाजी अप्पांनीही देह ठेवला. पुण्यात ओंकारेश्वराजवळ त्यांची समाधी आहे. त्यांचे पुत्र सदाशिवरावभाऊ १७६१ मध्ये पानिपतावर कामी आले.

वसईचा विजय सर्वांच्या स्मरणात आहे. त्या विजयानंतर पराभूतांना दिलेला शब्दही तितकाच स्मरणात राहावा, एवढेच आम्ही सुचवू इच्छितो.