मूत्रमार्ग संसर्गातील प्रतिजैविकरोध

मूत्रमार्गाच्या संसर्गास कारणीभूत असलेले जीवाणू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, त्या स्थितीस ही संज्ञा लावतात. मूत्रमार्गाचे बहुसंख्य संसर्ग ई. कोलाय या जीवाणूमुळे होतात. त्याखालोखाल क्लेब्सिएला, प्रोटिअस व एंटेरोकॉकस येतात.

ई. कोलायचे वर्णन थिओडोर एशेरिक यांनी १८८५ मध्ये केले. हा मूळचा आतड्यातला रहिवासी. मूत्राशयात शिरल्यावर आपल्या तंतूंच्या टोकावरील फिमएच या प्रथिनाच्या साहाय्याने तो अस्तराला घट्ट चिकटतो, त्यामुळे लघवीबरोबर सहजी वाहून जात नाही. रोधाचे मूळही आतड्यातच शोधावे लागते. सर्दी-खोकल्यासाठी विनाकारण घेतलेल्या गोळ्यांनी तिथले औषधाला बळी पडणारे जीवाणू मरतात, न मरणारे वाढतात आणि पुढे केव्हातरी तेच मूत्रमार्गात उतरतात. म्हणूनच पूर्वी लघवीचा कोणताही त्रास न झालेल्या स्त्रीचा पहिलाच संसर्ग रोधक निघू शकतो.

सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन ही औषधे डीएनएचे पीळ सांभाळणाऱ्या एंझाइमांवर काम करतात. त्या एंझाइमांच्या जनुकांत मोजके बदल झाले, की औषध निष्प्रभ होते. बीटा-लॅक्टामेज एंझाइमे अधिक चिंताजनक आहेत. ती पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधांचे रेणूच फोडतात आणि त्या एंझाइमांची जनुके बहुधा प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असल्याने एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. सीटीएक्स-एम-१५ हे एंझाइम १९९९ मध्ये नवी दिल्लीत मिळालेल्या जीवाणूंत प्रथम ओळखले गेले. पुढे एसटी१३१ या ई. कोलाय वंशाबरोबर ते जगभर पसरले.

या एंझाइमांपुढे टिकणारी कार्बापेनेम औषधेही आता सुरक्षित उरलेली नाहीत. २००८ मध्ये स्वीडनमध्ये, नवी दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतील क्लेब्सिएलात एनडीएम-१ (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टामेज) हे कार्बापेनेमही फोडणारे एंझाइम सापडले. नावात ‘नवी दिल्ली’ आल्याने भारतात मोठा वाद झाला, परंतु नावापेक्षा पाण्याचा प्रश्न गंभीर होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत या एंझाइमाचे जनुक आढळले. सांडपाण्याची व्यवस्था हा रोधाविरुद्धच्या उपायांचा भाग मानल्याशिवाय केवळ औषधांवर निर्बंध घालून भागणार नाही.

भारतात १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘अनुसूची एच१’ नुसार तिसऱ्या व चौथ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम इत्यादी औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे.

नायट्रोफ्युरँटॉइन हे १९५० च्या दशकातील औषध मात्र अजून उपयोगी ठरते. ते जीवाणूच्या अनेक घटकांवर एकाच वेळी आघात करते, त्यामुळे ई. कोलायमध्ये त्याला रोध कमी आढळतो. ते लघवीत भरपूर उतरते, पण ऊतींत पुरेसे पोचत नाही. म्हणून मूत्राशयापुरत्या संसर्गात ते चालते, थंडी-ताप व कुशीत दुखणे अशी मूत्रपिंडदाहाची लक्षणे असल्यास चालत नाही. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच मात्रा हा मूत्राशयाच्या संसर्गावरील दुसरा पर्याय आहे.

संसर्ग गुंतागुंतीचा असेल किंवा वारंवार होत असेल, तर पहिल्या गोळीआधीच लघवीचा नमुना कल्चरसाठी देणे आवश्यक ठरते. नंतर घेतलेल्या नमुन्यात अनेकदा जीवाणू वाढत नाहीत आणि योग्य औषध कोणते हे कळत नाही. लक्षणे नसताना केवळ अहवालात जीवाणू दिसले म्हणून उपचार करू नयेत. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या अस्तराला इजा पोचेल अशा शस्त्रक्रियेपूर्वीचे रुग्ण हे त्याला मुख्य अपवाद आहेत.