जमिनीची प्रतबंदी : काल आणि आज



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते इतिहासाच्या तासाला आम्हा मुलांना घरचा जमिनीचा उतारा आणावयास सांगत. राजांच्या सनावळीपेक्षा त्या कागदात आपल्या मुलखाचा इतिहास अधिक आहे, अशी त्यांची धारणा होती. आज मी त्यांच्याच वाटेने जाणार आहे. माझा विषय मातीच्या परीक्षेचा आहे.

इंग्रजी अमदानीत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. पुढे ती पद्धत दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे आपल्या बेळगाव-धारवाडकडे आली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. शेतात ठिकठिकाणी खणून मातीचा रंग, पोत आणि खोली पाहत. पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची. तेथून उतरत्या अशा एकूण नऊ प्रती. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे असे दोष आढळले की प्रत खाली येई. हीच प्रतबंदी.

या मातीतून सारा किती घेता येईल, एवढाच त्या परीक्षेचा हेतू होता. मातीत आपण काय टाकतो, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता. स्वातंत्र्यानंतर पाण्याच्या प्रदूषणासाठी १९७४ चा कायदा झाला, हवेसाठी १९८१ चा. मातीला मात्र १९८६ च्या सर्वसाधारण पर्यावरण कायद्याच्या छायेतच राहावे लागले.

हा रिकामा रकाना आज का बोचतो, ते सांगतो. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला टेफ्लॉनचा शोध लागला. त्या कुळातील हजारो रसायनांना आज ‘पीएफएएस’ म्हणतात. न चिकटणारा तवा, पाणी न धरणारे कापड, विमानतळावरील आग विझविण्याचा फेस, अशा अनेक ठिकाणी ती वापरली गेली. कार्बन आणि फ्लोरिन यांची त्यांतील गाठ इतकी घट्ट, की ती मातीत कुजत नाहीत. मातीतून ती विहिरीत झिरपतात, पिकात चढतात. पिण्याच्या पाण्यातील अशा दोन रसायनांसाठी अमेरिकेने २०२४ मध्ये दर लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील हे चार भाग. विंगेटच्या माणसांनी हाताने चोळून पाहिलेल्या मातीत हा दोष डोळ्यांना दिसणारा नव्हे.

इटलीतील व्हिचेन्झा प्रांतात मितेनी नावाचा कारखाना ही रसायने करीत असे. तेथील पाणी दूषित झाल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. सुमारे साडेतीन लाख लोकवस्तीच्या प्रदेशावर त्याची छाया पडली. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला आणि २०२५ च्या जून महिन्यात न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. मधल्या काळात, २०१९ मध्ये, त्याची यंत्रसामग्री लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतली आणि ती आपल्या कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे आली. येथे काही अपराध घडला, असे मी म्हणत नाही. परंतु ज्या यंत्रांचा पूर्वेतिहास ठाऊक आहे, त्यांच्या परिसरातील मातीची आरंभीची नोंद जनतेसमोर असावी, एवढे म्हणण्याचा अधिकार इतिहासाच्या विद्यार्थ्याला आहे.

आता आपल्या उंबरठ्याकडे वळू. दूधगंगा आणि वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणी भागात उतरतात. वर महाराष्ट्राचे प्रदूषण मंडळ, खाली कर्नाटकाचे. १९५६ पासून सीमेचा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या उराशी धरला आहे. पण झिरपणाऱ्या पाण्याला सीमा ठाऊक नसते. बेळगावचे सांडपाणी वाहून नेणारा बळ्ळारी नाला पावसाळ्यात भातशेतीत पसरतो. त्या चिखलात काय आहे? विष आहेच, असे मी म्हणणार नाही. पण मोजल्यावाचून ‘नाही’ म्हणण्याचाही अधिकार कोणाला नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने करावयाची, राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची आणि शुद्धीचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावयाचा, असे त्यांचे स्वरूप आहे. तक्त्यात अखेर रकाना आला. तो भरण्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागेल.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपापल्या गावची जुनी प्रतबंदी शोधा. तिच्या शेजारी आजच्या मातीची प्रयोगशाळेतील नोंद ठेवा, आणि दोन्ही राज्यांच्या मंडळांकडे एकच अर्ज एकाच दिवशी द्या. साऱ्यासाठी परक्या सरकारने आपली जमीन वीतवीत खणून पाहिली. नातवंडांसाठी आपण ती एकदा तरी खणून पाहू नये काय?