दान कुणाला द्यावे? बॉस्टन ते हिंगणे



दिवाळीच्या कार्यक्रमातून उरलेली रक्कम भारतात कुठे पाठवावी, यावर मंडळाच्या गेल्या बैठकीत चांगली दीड तास चर्चा झाली. कुणी आपल्या गावच्या शाळेचे नाव सुचवले, कुणी अंधशाळेचे. एकांनी विचारले, "हिशोब कोण देणार?" त्यावर सगळेच गप्प. निर्णय झाला नाही, चहा मात्र तीनदा झाला. शेवटी अध्यक्षांनी "तुम्ही जुनी पुस्तके वाचता, तर काहीतरी लिहा" असे सांगून काम माझ्या गळ्यात घातले. म्हणून हा प्रपंच.

आपण इथून तिकडे पैसे पाठवतो तेव्हा काहीतरी नवीन करतो, अशी आपली समजूत असते. पण महाराष्ट्रातल्या एका कामासाठी अमेरिकेतून पद्धतशीर पैसा जायला सुरुवात झाली ती १८८७ साली, आणि तो देणारे मराठी नव्हते. डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आल्या आणि मग जवळजवळ तीन वर्षे या देशात हिंडल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे चालवण्याची जबाबदारी तिने घेतली, आणि ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली. ज्यांनी हिंदुस्थान नकाशावरच पाहिला होता त्या बायकांनी पैसे का दिले? समोर उभे राहून बोलणारे माणूस त्यांनी पाहिले होते, एवढेच.

१८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढे ते पुण्यात आले. शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही, अशी अट होती. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. १८९३ साली मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो असा बोभाटा झाला, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून घेतल्या. बॉस्टनचा पैसा येतच राहिला, पण पुण्याचा विश्वास गेला तो गेलाच. दूरच्या देणगीदाराला जे दिसत नाही ते शेजाऱ्याला दिसते. अर्थात शेजाऱ्याला पूर्वग्रहही असतात, हे विसरता येत नाही.

त्याच शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केले. कर्व्यांची दानाची गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण तिची सुरुवात आपल्यासारख्याच माणसांपासून होते. ते मूळ मुरुडचे. मुरुडची जी माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला गेली होती, त्यांनी मिळकतीतला थोडासा अंश गावासाठी बाजूला काढावा, या कल्पनेतून त्यांनी मुरुड फंड काढला. म्हणजे गाव सोडून गेलेल्यांचा गावासाठी फंड! आणि विधवेशी लग्न केल्यावर त्याच मुरुडने कर्व्यांना वाळीत टाकले. ज्या गावासाठी वर्गणी मागत फिरायचे, त्या गावातच कुणी त्यांच्या पंक्तीला बसेना.

कर्व्यांनी यातून एक हिशोबी निष्कर्ष काढला, शेवटी ते गणिताचे प्राध्यापक. विधवांच्या पुनर्विवाहाला पैसे द्यायला लोक कचरत, पण विधवांच्या शिक्षणाला देत. म्हणून १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम त्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने वेगळा ठेवला. याबद्दल सुधारकांनी त्यांना बोल लावले. ज्याने स्वतः पुनर्विवाह केला त्याने असे करावे, हे मलाही पूर्वी खटकत असे. आता तितके खटकत नाही. आश्रम टिकला, म्हणून मुली शिकल्या. तरी देणगीदाराच्या मनात काय बसेल यावर कामाचा आकार ठरतो, ही गोष्ट थोडी टोचतेच.

हिंगण्याची जमीन गणेश गोविंद गोखले यांनी दिली. फर्ग्युसनमधले काम आटोपून कर्वे रोज पायी हिंगण्याला जात. पुढे १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव लागले. दुसरीकडे दिवाळीत भाऊबीज निधीसाठी संस्थेचे सेवक दारोदार जात. पंधरा लाखांमागे नाव असते. भाऊबीज घालणाऱ्याचे नाव पावतीपुरते.

लहान पैशाचा आणखी एक प्रयोग अंताजी दामोदर काळे यांचा. माणशी वर्षाला एक पैसा! लोकमान्यांनी पाठ थोपटली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांना तर पैसाही नको होता, घराघरातून मूठभर धान्य चाले. वसतिगृहातली मुले जेवावीत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. त्यानंतर मुठीला नाही कोण म्हणणार?

आपल्या आठवणीतला प्रसंग म्हणजे किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. तेव्हा विचार करायला कुणाला सवड नव्हती, चेकबुक आधी उघडले आणि चौकशी मागाहून. आमच्या घरातले जुने स्वेटर खोक्यात भरून गेले. लातूरकडच्या उन्हात त्यांचे काय झाले असेल, कोण जाणे.

कर्वे सत्तरी उलटल्यावर युरोप-अमेरिका फिरून आले आणि १९३० च्या अखेरीस आफ्रिकेला निघाले. मोंबासा, युगांडा, झांजिबार करत सव्वा वर्ष ते तिथल्या हिंदी कुटुंबांच्या घरी जात राहिले. त्या घरांतही अशीच चर्चा झाली असेल: म्हातारा कोण, संस्था कुठली, हिशोब कोण देणार?

तर पुढच्या बैठकीला येताना, यंदा सुट्टीत भारतात जाऊन ज्यांनी एखादी संस्था आत जाऊन पाहिली असेल, त्यांनी तिचा वार्षिक अहवाल जरूर आणावा. चहा या वेळी आमच्याकडून.