तीन रंगांचे घड्याळ

श्रोतेहो, ज्या माहितीचे आयुष्य पंधरा मिनिटांचेही नसते, ती ठेवावी कशी? बाजारभाव किंवा विमानांची स्थिती यांसारखी अखंड वाहणारी माहिती संगणकात कोणत्या रचनेत साठवावी, याचा आज फार बारकाईने विचार होतो. परंतु संगणक प्रचारात येण्यापूर्वीच, १९४० साली, इंग्लंडात भिंतीवरील एका घड्याळाने या प्रश्नाचे उत्तर दिले होते.

त्या उन्हाळ्यात जर्मन बाँबफेकी विमाने इंग्लंडवर चालून येत होती. डोव्हरजवळ समुद्राची रुंदी अवघी २१ मैल. ताशी २०० मैलांनी येणारे विमान ती सहा-सात मिनिटांत ओलांडी. किनाऱ्यावरील रडार-केंद्रांचे निरोप दूरध्वनीने बेंटली प्रायरी येथील छाननी-कक्षात येत. रडारला विमानाचे अंतर चांगले कळे, दिशा मात्र तितकीशी नाही. म्हणून दोन केंद्रांनी कळविलेली अंतरे जेथे एकमेकांस छेदतील, तेथे विमान आहे असे धरीत. तेथून निवडलेली माहिती अक्सब्रिजसारख्या ठिकाणच्या युद्धकक्षांत जाई, आणि महिला दलातील तरुणी लांब दांड्यांनी मेजावरच्या नकाशावर खुणा सरकवीत.

आता घड्याळाकडे वळू. त्याची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या बारा भागांत विभागलेली असे, आणि ते भाग तांबडा, पिवळा व निळा या क्रमाने रंगविलेले असत. मिनिटकाटा ज्या रंगावर असेल, त्याच रंगाची खूण नकाशावर ठेवावयाची. वरच्या सज्जात बसलेल्या अधिकाऱ्यास वार्ता ताजी की शिळी, हे नुसत्या नजरेने कळे; वेळ वाचीत बसावे लागत नसे. पंधरा मिनिटांनी तोच रंग पुन्हा येई. त्याआधी जुनी खूण उचलली नाही, तर शिळी वार्ता ताजी म्हणून खपावयाची, आणि वैमानिक रिकाम्या आकाशाकडे धाडले जावयाचे! हजेरीपट वर्षानुवर्षे जपून ठेवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकास नोंद टाकून देणे जिवावर येते. येथे मात्र टाकून देणे हेच अर्धे काम होते.

संगणकातील वर्तुळाकार रांग नेमकी अशीच असते. घरांची संख्या ठरलेली. शेवटचे घर भरले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. नव्या नोंदीचे घर शोधावे लागत नाही, अनुक्रमांकास घरांच्या संख्येने भागून उरलेली बाकी ते सांगते. घरांची संख्या दोनाचा घात असली, तर भागाकारही वाचतो. याउलट कडीला कडी जोडलेल्या साखळीत प्रत्येक कडी स्मृतीत कोठेतरी दूर पडलेली असू शकते, आणि तिच्यासाठी यंत्राला खोळंबावे लागते.

लंडनच्या एलमॅक्स या विनिमय-संस्थेने २०११ साली ‘डिसरप्टर’ नावाची आपली रचना सर्वांस खुली केली, तिच्या मुळाशी हीच रांग आहे. भेद आहे तो एवढाच की, युद्धकक्षात जुनी खूण निःशंकपणे उचलीत. खरेदी-विक्रीचा आदेश कितीही जुना झाला तरी असा पुसता येत नाही. म्हणून तेथे वाचणारा मागे पडला, तर त्याचे वाचून होईपर्यंत लिहिणाऱ्यास थांबावे लागते.