जप्त केलेला खेळ

घर बदलायचं ठरलं की आधी माळा आवरावा लागतो. गेल्या महिन्यात नातू वर चढला आणि मी खालून सूचना देत बसले (जन्मभर दुसरं केलंय काय!). निवृत्तीच्या दिवशी शाळेतून आणलेली पत्र्याची पेटी खाली आली. त्यात खडूंचे तुकडे, दोन नकाशे, आणि तळाशी रबरबँड लावलेला एक ब्रिक गेम. सोबत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी: ‘सातवी ब, १९९६, जप्त’. खाली मुलाचं नाव.

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरात शाळकरी मुलं होती, त्यांना ही वस्तू सांगायला नको. हातात मावणारा प्लॅस्टिकचा डबा, करड्या काचेवर काळे चौकोन, उजवीकडे एक मोठं गोल बटण. जत्रेत, एसटी स्टँडवर, सगळीकडे मिळायचा. वर ९९९९ खेळ असल्याचं छापलेलं, पण खरा खेळ एकच. वरून पडणारे ठोकळे फिरवून ओळी भरायच्या.

‘‘आजी, हा तर टेट्रिस!’’ नातू म्हणाला. मग त्याने मला त्याचा इतिहास शोधून दिला. इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण हा धडा माझ्या पुस्तकात नव्हता.

१९८४ साल, मॉस्को. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव नावाचा संशोधक काम करत होता. त्याला लाकडी तुकड्यांच्या कोड्यांचा नाद. पाच-पाच चौकोन जोडून बनलेल्या बारा आकृत्या डबीत नीट बसवायच्या, असं ते कोडं. त्याने चौकोन चारवर आणले, तशा आकृत्या झाल्या सात. त्याच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ यंत्राला चित्रं काढता येत नसत, म्हणून त्याने कंसाच्या खुणा जोडून ठोकळे बनवले. पण पडदा क्षणात भरून जाई. तेव्हा त्याला सुचलं, की भरलेली ओळ पुसून टाकावी. सगळी गंमत त्या पुसण्यात आहे. जमलेलं नाहीसं होतं आणि चुकलेलं तेवढं साठत राहतं!

पुढे आयबीएमच्या संगणकावर हा खेळ चढवायला मदत केली ती वदिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या मुलाने. सोळा वर्षं! हे वाचलं आणि माझी नजर त्या चिठ्ठीकडे गेली.

खेळ विकला गेला नाही; लोक फ्लॉपीवर उतरवून एकमेकांना देत गेले. हंगेरीत तो एका परदेशी व्यापाऱ्याच्या नजरेला पडला आणि हाती हक्क नसतानाच त्याने पाश्चात्त्य कंपन्यांशी सौदे केले. १९८९ मध्ये हेंक रॉजर्स थेट मॉस्कोला जाऊन सरकारी खात्याशी बोलले, आणि निन्तेन्दोच्या ‘गेम बॉय’बरोबर टेट्रिस जगभर गेला. त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. पाजित्नोव यांना मात्र काहीच मिळालं नाही. त्यांनी हक्क दहा वर्षांसाठी सरकारकडे सोपवले होते. ते परत मिळून मानधन सुरू झालं १९९६ मध्ये.

१९९६! मॉस्कोतल्या माणसाची वस्तू त्याला परत मिळाली, त्याच वर्षी मी एका पोराची वस्तू कपाटात कोंडली.

इतिहासाचा तास होता. पानिपत ऐन रंगात आलेलं आणि मागच्या बाकावरून टिंग टिंग आवाज. ‘‘बाई, माझा नाही हो, मामेभावाचा आहे,’’ तो काकुळतीला येऊन सांगत होता. मी म्हटलं, ‘‘वडिलांना घेऊन ये, मग देते.’’ वडील आले नाहीत. जूनमध्ये कळलं, त्यांची बदली झाली आणि मुलगा शाळा सोडून गेला. मामेभावाला त्याने काय सांगितलं असेल, हा विचार मला तेव्हा शिवलाही नाही. उलट खेळातले दोन्ही सेल काढून मी शिक्षकखोलीच्या घड्याळात घातले. आज लिहितानाही लाज वाटते.

तासाला खेळू नये हे मी आजही म्हणेन. पण तास संपल्यावर वस्तू परत करायला काय हरकत होती? शिस्त तासापुरती होती, कपाटाची किल्ली मात्र माझ्या अहंकाराकडे होती.

नातवाने नवे सेल घातले आणि तो डबा टिंग टिंग करत जागा झाला. जुने सेल आत राहिले असते तर गळून सगळं खराब झालं असतं, असं तो म्हणाला. म्हणजे माझ्या चोरीनेच तो वाचला म्हणायचा!

मग आम्ही दोघं खेळलो. माझ्या अकरा ओळी झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने निन्तेन्दोवरचा जुना टेट्रिस १५७व्या पातळीपर्यंत नेला आणि शेवटी यंत्रच गोठलं, असं नातवाने सांगितलं. तेरा वर्षांचा, म्हणजे साधारण आमच्या सातवी ब मधलाच की!

चिठ्ठीवरचं नाव इथे लिहीत नाही. पण बाबा, तू हे वाचत असशील तर ओळखशील. तुझा, म्हणजे तुझ्या मामेभावाचा खेळ माझ्याकडे आहे, चालू आहे. येऊन घेऊन जा. वडिलांना आणायची गरज नाही.