तेर

तेर : महाराष्ट्राच्या धाराशिव जिल्ह्यातील एक मोठे गाव व प्राचीन व्यापारी नगर. धाराशिव शहराच्या ईशान्येस सुमारे २० किमी. अंतरावर, तेरणा नदीच्या काठी ते वसले आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ‘तगर’ या नावाने ते पश्चिमेकडील दर्यावर्दी व्यापाऱ्यांना ठाऊक होते. आज महाराष्ट्र त्याला ओळखतो तो संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून. या दोन ओळखींमध्ये हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण दोन्ही त्याला राजांमुळे नव्हे, कारागिरांमुळे लाभल्या. तेरचा विचार करताना हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे लागते.

तेरणा बालाघाटच्या डोंगररांगेत तेरखेड्याच्या परिसरात उगम पावते आणि आग्नेयेकडे वाहत जाऊन मांजरेला मिळते. मांजरेचे पाणी पुढे गोदावरीत जाते. खोऱ्यातील जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली, काळी व ओल धरून ठेवणारी असून पाऊस मात्र बेभरवशाचा आहे. ज्वारी, तूर, हरभरा ही येथील जुनी पिके. अलीकडे सोयाबीन वाढले असून पाणी असेल तेथे ऊस दिसतो. तेरजवळ नदीवर तेरणा मध्यम प्रकल्पाचे धरण आहे. जवळच्या ढोकी येथे रेल्वे स्थानक व नदीचेच नाव घेतलेला साखर कारखाना आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे ज्या भूकंपाने किल्लारी व सास्तूर ही गावे उद्ध्वस्त केली, तोही याच नदीच्या खालच्या खोऱ्यातला.

पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरमार्गांच्या वर्णनात तगरचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे त्यात म्हटले आहे. साधे कापड, नाना प्रकारची मलमल आणि पूर्व किनाऱ्याकडून तेथे जमा होणारा माल गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला नेला जाई. टॉलेमीच्या भूगोलातही हे नगर आहे. मात्र ते नेमके कोठे, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांचे एकमत नव्हते. दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी अनेक ठिकाणे सुचवली गेली. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले व ते पुढे मान्य झाले. तेर हे पैठणच्या सरळ पूर्वेला नसून आग्नेयेला आहे, हे खरे. पण वाटेचे दिवस आणि नावातील साम्य जुळते, शिवाय जमिनीतून निघालेला पुरावा इतका भरघोस आहे की शंकेला जागा उरत नाही.

हा पुरावा गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांत आहे. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले. त्यानंतर राज्याच्या पुरातत्त्व विभागानेही खोदकामे केली. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, नाना दगडांचे मणी, पांढऱ्या केओलिन मातीच्या साच्यातील मूर्ती, रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या चकत्या आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष असा मोठा ठेवा मिळाला. त्यात सर्वांत बोलका आहे तो एका स्त्रीचा हस्तिदंती पुतळा. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली भारतीय बनावटीची जी हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी त्याचे जवळचे साम्य आहे. पाँपेईची मूर्ती दख्खनच्याच एखाद्या कार्यशाळेत घडली असावी, या मताला तेरच्या पुतळ्याने मोठे बळ दिले.

मराठवाड्यात माळवदाच्या छतासाठी पांढरीची माती वापरण्याची रीत होती. माती काढता काढता अशा टेकाडांतून जुन्या वस्तू वर येत आणि बहुधा विखुरल्या जात. त्यांचे मोल ओळखून त्या जमवणारे रामलिंगप्पा लामतुरे तेरला लाभले, हे या गावाचे भाग्य होय. त्यांच्या संग्रहातूनच त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तगरचा बराचसा इतिहास एका गावकऱ्याच्या चिकाटीमुळे गावातच राहिला आहे.

गावातील त्रिविक्रम मंदिर हे भारतीय वास्तुकलेतील दुर्मीळ उदाहरण आहे. मागील बाजू अर्धगोल आणि वर गजपृष्ठाकार छत अशी ही विटांची वास्तू लेण्यांतील चैत्यगृहांची आठवण करून देते. येथे आलेल्या हेन्री कझिन्स यांनी ती मूळची बौद्ध वास्तू मानली. आज आत त्रिविक्रम विष्णूची मूर्ती असून पुढील मंडप नंतरचा आहे. लेण्यांमध्ये चैत्याचा आकार दगडात कोरलेला पाहायला मिळतो, पण विटांनी बांधून उभा राहिलेला असा नमुना फार थोड्या ठिकाणी उरला आहे. उत्तरेश्वर मंदिरही विटांचेच. त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट विशेष प्रसिद्ध आहे.

व्यापार ओसरला, तरी नगराची प्रतिष्ठा टिकली. कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार राजे दूरवर राज्य करीत असतानाही ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने लावीत. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर व तेथील लेणी येतात. ती धाराशिवजवळची लेणी होत. तेर हे जैनांचेही तीर्थक्षेत्र आहे.

ज्ञानदेव-नामदेवांचे समकालीन गोरा कुंभार येथले. भजनात तल्लीन होऊन माती तुडवताना पायाखाली आपलेच मूल आले तरी त्यांना भान राहिले नाही, ही कथा घरोघर ठाऊक आहे. थापटण्याने एकेका संताचे डोके ठोकून पाहून त्यांनी नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथाही तेवढीच प्रसिद्ध. वयाने वडील म्हणून संतमंडळी त्यांना काका म्हणत. शके १२३९ (इ. स. १३१७) मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीस त्यांनी देह ठेवला, असे परंपरा मानते. त्यांची समाधी तेरणेकाठी असून चैत्रात मोठी यात्रा भरते. त्या काळात दिंड्या, टाळ-मृदंग आणि कीर्तनांनी गाव भरून जाते.

पुढे हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव बदलून २०२३ मध्ये धाराशिव करण्यात आले.